आखणीवर दुसरा हात

कपाटाच्या तीन फळ्यांवर मिळून चौदा विमानं होती. तेरा एका माणसाची, एक दोन माणसांचं. म्हणजे वैमानिक पंधरा. त्यांतल्या चौदांना डोळे होते, एकाला नव्हते. डोळे एकूण अठ्ठावीस. सगळी विमानं खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या भागाएवढी, त्यामुळे वैमानिकाचं डोकं सुक्या वाटाण्याएवढं आणि डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद.

विमानं किमयाची होती, डोळे तिच्या बाबांचे, जनूचे.

जनू पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं आखणी करत होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा, घासकाम, अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं कारखान्यात कुणीही शिकतो. आखणी करणारा एखादाच असतो. त्याचे दोन नियम होते. पहिला, डोळे सगळ्यात शेवटी. "डोळे काढले की मूर्ती बघायला लागते," तो नव्या माणसांना सांगायचा. "मग तिच्यासमोर तंबाखू मळायची नाय आणि मालकाला शिव्या द्यायच्या नाय. काय द्यायच्या त्या आधी देऊन घ्या." दुसरा नियम, आखणीवर दुसरा हात लागत नाही. चुकलं तर ज्याने काढलं त्यानेच ओल्या फडक्याने पुसायचं आणि त्यानेच पुन्हा काढायचं. मालकानेसुद्धा मध्ये ब्रश घालायचा नाही.

किमया सातवीत होती तेव्हा विज्ञान प्रदर्शनातल्या तिच्या प्रयोगावर खूश होऊन शाळेतल्या शरद सरांनी तिला एक खोका दिला. आत प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले शंभरेक भाग आणि कसं जोडायचं त्याची चित्रं. सरांचा तो कॉलेजपासूनचा नाद होता. किमयाने महिनाभर बसून विमान जोडलं, रंगवलं, वैमानिकाला आत बसवलं, वरची पारदर्शक टोपी प्लॅस्टिक वितळवणाऱ्या गोंदाने पक्की चिकटवली आणि मग विमान घेऊन बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, डोळे."

जनूने विमान हातात फिरवलं. टोपीतून आत पाहिलं. "आता कुठं काढू गो? काचेवर? चष्मा होईल त्याचा."

तिची आई पुतळी भाकरी तव्यावर टाकता टाकता इतकी हसली की भाकरी तव्याबाहेर पडली. किमया मात्र रडवेली झाली. तिला कोण सांगणार, की जगात विमानं जोडणारे सगळे वैमानिकाला आधी रंगवून पूर्ण करतात आणि मग झाकतात? तिच्या घरात डोळे शेवटी काढत. तो पहिला वैमानिक तसाच राहिला. टोपी निघेना, गोंदाच्या वाफेने ती आतून धुरकटली होती.

पुढच्या विमानापासून तिने रीत बसवली. सगळं पूर्ण करायचं, टोपी मोकळी ठेवायची आणि थांबायचं. गणपती गेले, कारखाना रिकामा झाला, की पितृपक्षातल्या एखाद्या सकाळी जनू खिडकीशी बसे, स्वतः कातरून बारीक केलेला ब्रश घेई आणि श्वास धरून दोन डोळे काढी. वरच्या पापणीची रेघ, खालची रेघ, बुबुळ. मग किमया टोपी पांढऱ्या फेविकॉलने चिकटवी. तो वाळल्यावर दिसत नाही आणि कधी काढायची वेळ आली तर कोमट पाण्याने सुटतो.

ती वेळ तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली. किमया तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विमान मुंबईच्या एका प्रदर्शनात जायचं होतं. आदल्या दिवशी तिने भिंगातून पाहिलं तर वैमानिकाच्या पापणीची रेघ सुरुवातीला जाड होती, जणू ब्रश आधी आपटला आणि मग चालला. तिला वाटलं, आपणच रंग नीट पातळ केला नव्हता. बाबांना परत बसवायचं तर ते कारखान्यात होते. तिने टोपी सोडवली, टोकदार काडीने जाड रंग खरवडला आणि रेघ स्वतः काढली. तिचा हात बाबांवरच गेला होता, चांगली जमली. पुढच्या वर्षीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. तिने कुणाला सांगितलं नाही. तीन वैमानिक, सहा डोळे.

या जानेवारीत एका रविवारी ती हीच तीन विमानं घेऊन रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात शरद सरांकडे गेली. सर निवृत्तीनंतर तिथेच राहायला आले होते. ती नोकरीसाठी रोज पेणहून रोह्याला येत होती, तिथल्या रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. पण पूल ओलांडून सरांकडे जायला रविवारच मिळे.

मालतीकाकूंनी दार उघडलं. "ये. अजून तीन आणलीस का? छान. या घरात चाळीस विमानं आहेत आणि मला अजून कुणी गोव्यालासुद्धा नेलेलं नाही."

"कोलाडपर्यंत नेलं होतं," आतून सर म्हणाले.

"मिसळ खायला. एसटीने."

सरांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि पहिलं विमान खिडकीकडे धरलं. पंखांवरचे जोड पाहिले, चाकांवरची धूळ पाहिली, मान हलवली. मग टोपीतून वैमानिकाकडे पाहिलं. दुसरं विमान घेतलं. तिसरं घेतलं. पुन्हा पहिलं.

"हे डोळे जनूचे नाहीत," ते म्हणाले.

किमयाने बाकीची दोन विमानं सरळ करून ठेवली.

"जनूची रेघ सुटताना वर जाते, अगदी एवढीशी. गणपती हसतोय असं वाटतं ते त्यानेच. हे वैमानिकसुद्धा तसेच हसतात. या तिघांची रेघ सरळ संपते. हात तुझा आहे. का?"

"रंग जाड झाला होता, सर. मी दुरुस्त केलं."

"तीन वर्षं?"

"हो."

"एम.एस्सी. झालेल्या मुलीचा रंग तीन वर्षं जाड होतो?" सरांनी भिंग काढलं. आवाजात चेष्टा नव्हती. "दुरुस्त करायच्या आधीचे फोटो असतील तुझ्याकडे. तू सगळ्याचे काढतेस."

फोटो होते, प्रत्येक टप्प्याचे, बाजूला पट्टी ठेवून काढलेले. ही सवय तिला सरांनीच लावली होती.

"मग मोज," सर म्हणाले. "आधी मोज, मग मला सांग रंग जाड होता की काय होतं."

त्या आठवड्यात तिने कोमट पाण्याने एकेक टोपी सोडवली. वैमानिक कापसात गुंडाळून डब्यात भरले आणि जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तिच्या शेजारी काम करणारा यज्ञेश डोकावून म्हणाला, "मॅडम, तुमच्या सॅम्पलला नाक आहे." मग तिचा चेहरा पाहून आकडे लिहून घ्यायला बसला.

वरच्या पापणीच्या रेघेची जाडी, सुरुवातीपाशी. पहिली सहा वर्षं ती शून्य पूर्णांक अकरा आणि शून्य पूर्णांक तेरा मिलिमीटरच्या मध्ये होती. यंत्राने काढावी तशी. पुढच्या वर्षी चौदा शतांश. मग सतरा. नंतरची तीन तिने फोटोंवरून काढली: बावीस, सव्वीस, एकतीस. सतरावाल्या वैमानिकाला तिने हात लावला नव्हता. तेव्हाही ती गाठ तिला दिसली होती. साच्याचा दोष समजून तिने सोडून दिली होती.

रेघेच्या कडा सगळ्या वर्षी सरळ होत्या. हात कापत असता तर कडा नागमोडी आल्या असत्या. एकदा टेकल्यावर ब्रश अजूनही पूर्वीसारखाच चालत होता; चूक फक्त टेकण्यात होती. ब्रश वाटतं त्याच्या आधीच टेकत होता. म्हणजे अंतर कळत नव्हतं. आणि इतक्या जवळचं अंतर कळायला दोन्ही डोळे लागतात.

घरातल्या गोष्टी तिला एकेक करून आठवायला लागल्या. बाबा उंबऱ्याला अडखळायचे. ताटाशेजारचं पाणी सांडायचे. आई म्हणायची, "म्हशीसारखा चालतो हा माणूस, बाजूचं बघतच नाय." बाबा म्हणायचे, चपला खराब आहेत. दोनदा नव्या चपला आणल्या होत्या.

तिने वाचलं. एक आजार होता ज्यात नजर कडेकडून आत आत विझत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, माणसाला काळंही दिसत नाही. उरलेल्यातच सगळं दिसतंय असं त्याला वाटतं. औषधाने उरलेलं राखता येतं. गेलेलं परत येत नाही. हे वाक्य तिने तीन ठिकाणी ताडून पाहिलं.

शनिवारी ती अर्धी रजा टाकून कारखान्यात गेली. जनू माल पोचवायला मालकाच्या टेम्पोबरोबर नागोठण्याला गेला होता. ते विचारूनच ती आली होती. मालक बाबाजी पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसून फोनवर बोलत होते. रंगकाम करणारी नमिता मूर्तींच्या रांगेत उकिडवी बसली होती, हातात बारीक ब्रश. समोरच्या मूर्तीला डोळे होते. नमिता डोळ्यावर काम करत होती.

किमयाला पाहून तिने ब्रश मागे लपवला. मग लपवून उपयोग नाही हे कळून खाली ठेवला.

"कधीपासून?" किमयाने विचारलं.

"मागच्याच्या मागच्या गणपतीपासून. मी सकाळी लवकर येते. जनूदादा यायच्या आत होतं."

"बाबांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर मी हितं उभी असते काय?" नमिताने समोरच्या मूर्तीकडे हात केला. "एकेक डोळा बघशील तर असला डोळा माझ्याच्यान नाय होत. खरंच सांगते. पण जोडी लागत नाय गो. एक वर, एक खाली. जवळ बसून काढतात, तेव्हा एकावेळी एकच डोळा दिसत असणार त्यांना."

बाबाजी फोन ठेवून आले होते. साठीचे, जाडजूड, जनूबरोबर एकाच वर्षी या धंद्यात आलेले. "तू ओरडशील आमच्यावर," ते म्हणाले. "ओरड. पण तीस वर्षं त्याच्या आखणीवर माझा माल गेला. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, जनू, तुझे डोळे चुकतात? आमचं तरी परकं नातं. तू पोरगी हायस त्याची. तू घरात बघत नव्हतीस?"

"बघत होते," किमया म्हणाली. "मी पण तेच केलं."

बाबाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. नमिता म्हणाली, "चहा घे." तिने नको म्हटलं.

रविवारी सकाळी जनू ओटीवर बसून दाढी करत होता. लहान आरसा हातात धरून तो गालाचा एकेक तुकडा पाहायचा, पुढचा तुकडा आला की आरसा सरकवायचा. किमया समोर बसली. कसं सांगायचं याची तिने पानभर तयारी केली होती. ती सगळी बाजूला राहिली.

"बाबा, तुमच्या डोळ्यांना काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"कडेचं दिसत नाही तुम्हाला. चार-पाच वर्षं झाली असतील. डॉक्टरकडे जायला पाहिजे, लगेच."

"मना सगळा दिसतंय." त्याने वस्तरा धुतला. "काल टेम्पोत बसून बाहेरचे बोर्ड वाचत गेलो, नागोठण्यापरेंत. तुला कोणी सांगितलं?"

"मी मोजलं. वैमानिकांच्या रेघा. दर वर्षी जाड होत गेल्या. मागच्या तिघांच्या तर..." ती थांबली. "मागच्या तिघांच्या मी पुसून पुन्हा काढल्या."

जनूचा वस्तरा धरलेला हात खाली आला. घरात पुतळी भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

"माझ्या आखणीवर हात लावलास."

"हो."

"कुठले तीन?"

"खालच्या फळीवरचे."

तो उठला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. कपाटाशी गेला, खालच्या फळीवरची तिन्ही विमानं काढून खिडकीत आणली. टोप्या सुट्याच होत्या. त्याने पहिला वैमानिक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. दुसरा पाहिला. तिसऱ्याला खूप वेळ लागला.

"हे कपाट मी रोज उघडतंय," तो म्हणाला. "रोज बघतंय यांना."

किमयाने सुट्या टोप्या गोळा करून बाजूला ठेवल्या.

"शरद सरांनी बघितले?"

"हो."

"त्यांना समजला, दुसरा हात हाय ते?"

ती म्हणाली, "एका मिनिटात."

जनूने वैमानिक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ठेवताना तो कट्ट्याच्या कडेला लागून उलटा पडला. जनूने तो उचलला आणि बोटाने कडा चाचपून नीट ठेवला.

"कारखान्यात कोण करतंय?" त्याने विचारलं.

"काय?"

"किमू, माझी रेघ इथं चुकते तर तिथं बरोबर येते काय? तिथं कोण पुसतंय?"

"नमिता. सकाळी लवकर येते."

"चांगला हाय तिचा हात," तो म्हणाला. "बाबाजीला पण माहीत."

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

पुतळी दारात येऊन उभी होती. "मना नाय माहीत," ती म्हणाली. "मी तुम्हाला म्हस म्हणत होते." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

तो परत येऊन बसला. तोंडावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. किमया म्हणाली, "माझं चुकलं, बाबा. तेव्हाच बोलले असते तर तेव्हाचं राहिलं असतं."

"आणि आता?"

"गेलेलं येत नाही. राहिलेलं राखतात. थेंब देतात, रोज घालायचे."

"राहिलेला किती हाय?"

"ते मशीनवर मोजतात. उद्या पनवेलला जाऊ, मी रजा टाकते."

"उद्या जाऊ," जनू म्हणाला. "पण तू आज मोज. त्या मशीनवाल्याचं ऐकण्याआधी मना घरात कळू दे. मोजता येतं का नाय तुला?"

येत होतं. प्रकार साधा होता, पण ती त्यासाठी आली नव्हती. तिने नाही म्हणून पाहिलं. तो तसाच बसून राहिला.

मग तिने समोरच्या भिंतीवर निळ्या पेन्सिलीने एक ठिपका केला, भिंतीपासून एक मीटरवर स्टूल ठेवलं आणि आईची शिवणाची टेप आणली. मोजमाप बरोबर आहे का हे पाहायला आधी तिने आईला बसवलं. एक डोळा तळहाताने झाकायचा, दुसऱ्याने ठिपक्याकडेच बघायचं. किमया लांबून भिंतीला लावून लाल टोकाचा ब्रश आत आत आणणार, दिसला की सांगायचं. डावा डोळा झाकल्यावर पुतळीला ब्रश थेट दाराच्या चौकटीपाशी दिसला. ठिपक्यापासून एकशे साठ सेंटिमीटर, आणि पुढे भिंतच नव्हती.

"सरकलीस की आणखी दिसेल," पुतळी म्हणाली आणि आपण काय बोललो ते कळून उठली.

जनू बसला. डाव्या डोळ्यावर हात धरला. किमयाने चौकटीपासून सुरुवात केली. ब्रश सरकत राहिला. दीड मीटर, एक मीटर, अर्धा.

"सुरू केलंस काय?" जनूने विचारलं.

"हो, बाबा."

"बरं."

ती ब्रश आणत राहिली. "दिसला," तो म्हणाला, तेव्हा तिने तिथे खूण केली. मग दुसऱ्या बाजूने, वरून, खालून. मग डोळा बदलला. दुसऱ्या डोळ्याला ती प्रत्येक बाजूने दोनदा आली, कारण पहिल्यांदा तिचा स्वतःच्या हातावर विश्वास बसला नाही. दोन्ही वेळा खूण त्याच जागी पडली.

"लिही," जनू म्हणाला. "आणि वाच."

तिने टेप लावली, वहीत लिहिलं आणि वाचलं.

उजवा डोळा, एक मीटरवरून: कानाच्या बाजूला एकतीस सेंटिमीटर, नाकाच्या बाजूला बावीस, वर बारा, खाली एकोणीस. डावा डोळा: कानाच्या बाजूला नऊ, नाकाच्या बाजूला चार, वर तीन, खाली सहा.